जिन्यातल्या दिव्याचं उद्घाटन

हेडसाहेबांनी त्या सकाळी जिन्यात इमारतीच्या सेक्रेटरींना खरं काय ते सांगून टाकलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण खरं सांगायचं म्हणजे "मी वायरमनच्या कोर्सला चाललोय" असं सांगायचं, आणि ते शब्द काही केल्या त्यांच्या घशाच्या वर येईनात.

कचेरीत ते हेडक्लार्क होते. कचेरीला टाळं लागलं, टेबल-खुर्च्या लिलावात गेल्या, आणि नावातला 'हेड' तेवढा त्यांच्याबरोबर घरी आला. इमारतीत अजून सगळे त्यांना हेडसाहेबच म्हणत. मात्र नुसत्या नावावर घर चालत नाही, हे त्यांच्या बायकोनं ओळखलं. तिनं वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवली. विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण केंद्र. 'वयाची अट नाही' या शब्दांखाली तिनं पेन्सिलीनं रेघसुद्धा मारली होती.

"मी? पक्कड घेऊन लोकांच्या घरी जाऊ?"

"लोकांच्या घरी दिवे लागतात, ते कुणीतरी पक्कड घेऊन गेलेलं असतं म्हणूनच."

"आणि इमारतीत कळलं तर?"

"कळेल तेव्हा कळेल."

"तसं नाही. कुणाला एक अक्षर सांगणार नाहीस, असं आधी कबूल कर."

तिनं कबूल केलं. तापकऱ्या माणसाचा हट्ट पुरवावा तशा सुरात केलं, पण केलं, आणि शेवटपर्यंत पाळलंही. घोटाळा केला तो कबूल करून घेणाऱ्यानं.

तर त्या सकाळी हेडसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून, कचेरीतली जुनी ब्रीफकेस घेऊन जिना उतरत होते. ब्रीफकेसमध्ये निळी डांगरी, टेस्टर आणि पक्कड. खालून सेक्रेटरी वर येत होते. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त, निरोगी आणि दिवसभर मोकळे. इमारतीला इतकं धोकादायक दुसरं काही नसतं.

"सकाळी सकाळी कुठं स्वारी?"

"विद्युतचं जरा काम असतं हल्ली," हेडसाहेब म्हणाले.

तेवढ्यात ब्रीफकेसमध्ये पक्कड टेस्टरवर आपटून खणखणली. सेक्रेटरींनी भुवया उंचावल्या.

"किल्ल्या," हेडसाहेब म्हणाले.

"कपाटांच्या?"

"हो. गोपनीय."

आता या सगळ्यात धडधडीत खोटा म्हणावा असा शब्द 'किल्ल्या' एवढाच, असं हेडसाहेब स्वतःला बजावत केंद्रापर्यंत चालत गेले. पण संध्याकाळी ते परत आले तेव्हा तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं की हेडसाहेबांना विद्युत खात्यानं चौकशी अधिकारी म्हणून बोलावून घेतलं आहे. दोघांनी अभिनंदन केलं. हेडसाहेबांनी 'छे छे' म्हटलं. त्यांच्या 'छे छे'मध्ये असा काही विनय होता की ऐकणाऱ्यांची खात्रीच पटली.

केंद्र म्हणजे जुन्या गोदामातली एक लांबलचक खोली. भिंतींना लाकडी फळ्या ठोकलेल्या. प्रत्येक फळीवर होल्डर, स्विच आणि आधीच्या विद्यार्थ्यांनी पाडलेले काळे डाग. शिकवायला एक मॅडम होत्या. वयानं हेडसाहेबांना मुलगी शोभाव्यात अशा, आणि आवाजानं त्यांच्या जुन्या साहेबांना मागे टाकतील अशा. "इथं चुकलं तर खोडरबर मिळत नाही, शॉक मिळतो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

हेडसाहेबांनी आपला अनुभव पणाला लावला. त्यांनी फळीवरच्या वायरींना कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

"काका, हे काय?" मॅडमनी विचारलं. "'आवक'?"

"वायर आली कुठून, याची नोंद. ही दुसरी 'जावक'."

"आणि ही तिसरी?"

"ती तूर्त प्रलंबित आहे."

"ती अर्थिंगची आहे काका. ती प्रलंबित ठेवली की माणूस निकाली निघतो."

सगळा वर्ग हसला. हेडसाहेबांचे कान सोल्डरिंगच्या टोकासारखे लाल झाले. त्यांच्या हाताखाली तेरा माणसं होती, हे या खोलीत कुणाला माहीत नव्हतं, आणि ते सांगायला योग्य जागाही सापडत नव्हती.

जोडीदार म्हणून त्यांच्या वाट्याला एक सलूनवाला आला. त्याचं सलून रस्ता रुंद करताना गेलं होतं. घरी म्हातारे आईवडील आणि शाळेत जाणाऱ्या मुली. वायरीवरचं प्लास्टिक सोलताना तो तिची मान अशी हलकेच तिरपी करायचा, की कल्ले किती ठेवायचे हे आता ती वायरच सांगेल असं वाटावं. तोंडाची टकळी अखंड चालू. चुका त्याच्याही व्हायच्या. त्यानं जोडलेला एक पंखा उलटा फिरून छताला वारा घालत बसला होता. "छतालाही उकडतं की," असं त्याचं त्यावर म्हणणं. आणि हेडसाहेबांनी केंद्राचा मेन फ्यूज उडवला, तेव्हा अंधारात पहिला आवाज आला तो "मी नाही!" असा हेडसाहेबांचा. दुसरा आला तो सलूनवाल्याचा. "असू दे मॅडम, माझ्याच हातून झालं असेल."

यानंतर दोघांची मैत्री झाली. निदान सलूनवाल्याची तरी हेडसाहेबांशी झाली.

इकडे इमारतीत हेडसाहेबांच्या अधिकाराला पालवी फुटत होती. समोरच्या बिऱ्हाडातल्या वकीलबाई एका संध्याकाळी थेट घरात आल्या.

"साहेब, माझं मीटर पळतंय. पंखा बंद असला तरी पळतंय. तुमच्या खात्याला जरा सांगा."

सांगता येत नाही म्हणून सांगणं हेडसाहेबांना जमलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डांगरीवर शर्ट चढवून, ते विद्युत कार्यालयाच्या रांगेत उभे राहिले.

"अर्जदार कोण?" खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"माझ्या शेजारी राहतात."

"मग त्यांना घेऊन या."

"त्यांनी मला सहीचं पत्र दिलंय."

"त्यावर शिक्का नाही."

"शिक्का कुठं मिळेल?"

"वरच्या मजल्यावर."

हेडसाहेब वर जाऊन परत आले. "वरचे म्हणाले, खाली मिळेल."

"मग ते जेवायला गेले असतील."

हेडसाहेबांना त्या माणसाचा राग येईना. हीच उत्तरं त्यांनी इतकी वर्षं खिडकीच्या पलीकडून दिली होती. ती अलीकडे कशी ऐकू येतात, याची मात्र त्यांना आजवर कल्पना नव्हती.

अर्ज तिथंच राहिला. पण दैव कसं असतं पाहा. त्याच आठवड्यात कार्यालयानं आपण होऊन सगळ्या रस्त्यावरची जुनी मीटरं बदलायला घेतली, आणि पहिलं मीटर बदललं गेलं ते वकीलबाईंचं. मग काय विचारता! कुणाची वायर लोंबत होती, कुणाचं बिल चढलं होतं, कुणाच्या खिडकीसमोरचा खांब हलवायचा होता. हेडसाहेबांची जेवणाची सुट्टी रांगेत जाऊ लागली आणि दुपारी वर्गात त्यांच्या पोटातून येणाऱ्या आवाजांकडे मॅडम मोटरचा बिघाड समजून वळून बघू लागल्या.

अशात सेक्रेटरींनी बैठक बोलावली. जिन्यात नवे दिवे लावायचे, आणि आगबीग लागली तर सगळ्यांना कळावं म्हणून मजल्यामजल्यावर धोक्याची घंटा बसवायची. यावर सूचना आल्या. एकाला दिवा पिवळा हवा होता, एकाला पांढरा. वकीलबाईंचं म्हणणं असं की घंटा सगळ्यांना ऐकू गेली पाहिजे, पण आपल्या दारासमोर वाजता कामा नये. हे त्यांनी कायद्याच्या भाषेत मांडल्यामुळे कुणाला खोडून काढता आलं नाही.

"काम प्रशिक्षण केंद्राची शिकाऊ माणसं करणार आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "आणि उद्घाटनाला प्रमुख पाहुणे आपले हेडसाहेब! शिकाऊ लोकांवर जरा वचक हवा."

टाळ्या पडल्या. हेडसाहेबांना आपल्या पायाखालची सतरंजी हलल्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी केंद्रात मॅडमनी कामं वाटून दिली. दोघादोघांची जोडी, एकेक जागा. हेडसाहेब आणि सलूनवाला यांच्या चिठ्ठीवर जो पत्ता होता, तो हेडसाहेबांना तोंडपाठ होता.

"मॅडम, त्या दिवशी मला जरा रजा..."

"काका, हॉस्पिटलला देखभालीसाठी दोन माणसं हवी आहेत. तुम्हा दोघांचीच नावं पाठवायचं माझ्या मनात आहे. हे काम नीट झालं तर. गैरहजर राहिलात तर नाव विसरा."

घरी बायको म्हणाली, "आता तरी सांगून टाका."

"आता कसं सांगू? खालच्या फळ्यावर 'प्रमुख पाहुणे' म्हणून नाव लागलंय."

"मग फळा पुसायला कितीसा वेळ लागतो?"

हेडसाहेबांना तो पर्याय पसंत पडला नाही. त्यांनी सलूनवाल्याला विश्वासात घेतलं. ऐकून तो इतका खूष झाला की त्याच्या हातातली पक्कड खाली पडली.

"बिनघोर राहा साहेब! तुम्ही आत मीटरच्या खोलीत बसून वायरी जोडा. बाहेर शिडीवर मी. कुणी आलं तर मी बोलत सुटतो. माझ्या बोलण्यापुढं कुणी आत यायचं नाही."

कामाच्या दिवशी इमारत जागी व्हायच्या आत हेडसाहेब डांगरी घालून, टोपी भुवयांपर्यंत ओढून मीटरच्या खोलीत शिरले. कोपऱ्यात ब्रीफकेस, तिच्यात इस्त्रीचे कपडे. सलूनवाला शब्दाला जागला. शिडीवरून त्यानं सेक्रेटरींना केसगळतीवर असं काही सुनावलं की ते टाळू चाचपत निघून गेले. फक्त वकीलबाई चहा घेऊन दारातून डोकावल्या.

"ए वायरमन, चहा घे रे."

हेडसाहेबांनी भिंतीकडे तोंड करून हात मागे केला आणि कप घेतला. या बाईंच्या तोंडून त्यांनी 'अहो साहेब'खेरीज काही ऐकलं नव्हतं. त्या 'ए'नं त्यांच्या मानेवर काटा आला. मग आठवलं की आपणही आजवर कुणा वायरमनला दुसरी हाक मारलेली नाही. चहा गोड होता, पण उतरला कडूच.

दुपार कलली. अंगणात खुर्च्या लागल्या. सेक्रेटरी मधूनमधून वर जाऊन हेडसाहेबांचं दार वाजवत होते.

"अंघोळ करताहेत," बायको म्हणे.

"अजून?"

"आज समारंभ आहे ना. नीट करताहेत."

शेवटी दोन वायरी उरल्या. एक जिन्यातल्या दिव्यांची, एक घंटेची. बाहेर सेक्रेटरी कर्ण्यावरून ओरडत होते, "साहेब आता येतीलच!" हेडसाहेबांनी दोन्ही वायरी भराभर पिळल्या, वरून चिकटपट्टी गुंडाळली.

"टेस्टरनं एकदा बघून घेऊ?" सलूनवाल्यानं विचारलं.

"वेळ नाही. बरोबर आहे ते."

"तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच."

डांगरी उतरवायलाही वेळ नव्हता. हेडसाहेबांनी तिच्यावरच शर्ट आणि पँट चढवली, मागच्या बाजूनं बाहेर पडले आणि फाटकातून रुबाबात आत आले.

"तुम्ही तर अंघोळ करत होता ना?" सेक्रेटरी चक्रावले.

"झाली."

"बाहेर?"

"तब्येत सुधारली हो साहेब," मध्येच वकीलबाई म्हणाल्या. "नोकरी मानवली." दोन थरांच्या कपड्यांत हेडसाहेब खरोखरच गुबगुबीत दिसत होते, आणि घामानं थबथबले होते.

भाषण झालं. शिस्त, सुरक्षितता, जबाबदारी हे शब्द पुन्हा पुन्हा आले. मग लाल फीत बांधलेल्या स्विचपाशी त्यांना नेण्यात आलं. फीत सोडवून त्यांनी जिन्यातल्या दिव्याचा स्विच दाबला.

दिवा लागला नाही. सगळ्या मजल्यांवरच्या घंटा एकदम कोकलायला लागल्या.

जे समारंभाला आले नव्हते तेही आता खाली धावत आले. कुणी पासबुक घेऊन, कुणी उशी घेऊन, एक आजोबा अर्धी दाढी करून. सेक्रेटरींनी घंटा थांबवण्यासाठी घंटेचं बटण दाबलं, तर जिना खालपासून वरपर्यंत लख्ख उजळला. रोषणाई फार देखणी होती, पण बघायला कुणी थांबलं नाही. हेडसाहेबांचं बोट स्विचवर तसंच थिजलं होतं. आपण काय केलंय ते त्यांना पहिल्या ठोक्यालाच कळलं होतं. शेवटी सलूनवाल्यानं धावत जाऊन मेन स्विच पाडला.

त्यामुळे लोकांनी पाहिलं ते असं की मीटरच्या खोलीतून एक वायरमन बाहेर येतोय. सेक्रेटरींनी त्याचा दंड धरून त्याला पुढं आणलं.

"हा! हाच! दिवसभर नुसती बडबड. साहेब, तुम्ही खात्याचे आहात. सुनावा याला चार शब्द."

सगळे हेडसाहेबांकडे बघू लागले. त्या क्षणी 'हा नाही, मी' एवढे तीनच शब्द पुरले असते. पण हेडसाहेबांच्या तोंडातून निघाला तो कचेरीतला आवाज.

"असला निष्काळजीपणा खपवून घेतला जाणार नाही," ते म्हणाले. आणि तेवढ्यावर न थांबता पुढं म्हणाले, "माणसांच्या जिवाशी खेळ आहे हा. समजतं का तुम्हाला?"

सलूनवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समोरचा माणूस ओळखीचा आहे की नाही, एवढंच तो ताडून बघत होता. मग मान खाली घालून म्हणाला, "चुकलं साहेब."

पहिल्या मजल्याच्या कठड्याशी बायको उभी होती. तिनं ते ऐकलं आणि तोंड फिरवलं.

घंटेचा आवाज पुढच्या गल्लीत दुसऱ्या जोडीचं काम तपासणाऱ्या मॅडमपर्यंत गेला होता. त्या गर्दीतून वाट काढत आल्या. सेक्रेटरींच्या मागं उभ्या असलेल्या गुबगुबीत गृहस्थाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

"शेवटचा जोड कुणी दिला?"

"मी, मॅडम," सलूनवाला म्हणाला.

"टेस्टर लावला होता?"

"नाही."

"मग हॉस्पिटलला तुमचं नाव नाही जाणार. वाईट वाटतं मला."

सलूनवाल्यानं नुसती मान हलवली. दिवसभर न थांबलेला तो माणूस गप्प झाल्यावर अंगणात एवढी शांतता पडली की हेडसाहेबांना ती सहन होईना. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. वकीलबाईंनी "अहो, हे काय!" म्हणून डोळ्यांवर हात घेतला. पण शर्टाखालून निळी डांगरी बाहेर आली आणि छातीवर केंद्राचं नाव.

"तो जोड मी दिला," हेडसाहेब म्हणाले. आवाज आता कचेरीतला नव्हता. "तो टेस्टर लावू म्हणत होता. मीच नको म्हटलं. मी खात्यात नाही. कधीच नव्हतो. मी याच्याबरोबर वायरमनचं काम शिकतो."

पहिल्यांदा बोलल्या त्या वकीलबाई. "मग माझं मीटर बदललं कुणी?"

"ते आपोआप बदललं."

सेक्रेटरींचा चेहरा हेडसाहेबांपेक्षाही पडला होता. साहेब त्यांनीच घडवला होता, आणि आता तो सगळ्यांसमोर पँट उतरवत होता.

मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "काका, पक्कड घ्या. सगळा जोड उघडा, पुन्हा करा. माझ्यासमोर."

हेडसाहेबांनी तो केला. सगळी इमारत बघत होती. मघाशी धोक्यातून पळालेले लोक आता सल्ले देत होते. अर्ध्या दाढीचे आजोबा "लाल वायर डावीकडे, लाल डावीकडे" म्हणून ओरडत होते. तिथं लाल वायर नव्हतीच. या वेळी टेस्टर दोनदा लागला. मॅडमनी स्विच दाबला. जिना उजळला. टाळी कुणी वाजवली नाही.

घरी आल्यावर बायकोनं त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"मला लाज वाटली आज," ती म्हणाली.

"डांगरीची?"

"डांगरीची नव्हे, भाषणाचीही नव्हे. त्यानंतर त्या माणसाला जे बोललात त्याची."



हॉस्पिटलला सलूनवाल्याचं नाव गेलं आणि त्याला नोकरी लागली. हेडसाहेबांना मॅडमनी नापास केलं. काम सोडून मध्येच गेल्याबद्दल, आणि टेस्टर न लावल्याबद्दल. पुढच्या बॅचबरोबर पुन्हा सगळं पहिल्यापासून. सलूनवाल्याचा शेवटचा दिवस आला तेव्हा हेडसाहेब त्याची माफी मागायला त्याच्या बाकापाशी गेले. मनातल्या मनात जुळवलेली वाक्यं ऐन वेळी अर्जासारखी निघाली. सलूनवाल्यानं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला, आणि पिशवी उचलून गेला.

त्यानंतर हेडसाहेब डांगरी घालूनच जिना उतरू लागले. सेक्रेटरी दिसले की दोघंही वेगवेगळ्या भिंतींचा रंग न्याहाळायचे. डांगरीत उतरणं काही सोपं नव्हतं. रोज दार उघडताना त्यांचा हात कडीवर थोडा अडखळायचाच.

मग एका सुट्टीच्या दिवशी वकीलबाईंच्या घरातला अर्धा भाग अंधारात गेला. त्यांनी दार वाजवलं. काय म्हणून हाक मारावी याचा त्यांना निर्णय होईना. "अहो... अहो जरा..." असं झालं.

"तुम्ही बघता का?"

"मला परवानगी नाही," हेडसाहेब म्हणाले. "मी नापास झालोय." जिन्यात आवाज घुमतो, हे त्यांना बोलल्यावर जाणवलं. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार किलकिलं झालं. त्यांनी आवाज खाली आणला नाही. "जो पास झालाय त्याला आणतो."

सलूनवाला त्याच्या घराच्या दारातच भेटला. काम काय, कुणाकडे, एवढंच त्यानं विचारलं आणि पिशवी घेतली. हेडसाहेबांनी ती पिशवी त्याच्या हातातून आपल्याकडे घेतली. त्यानं दिली.

वकीलबाईंनी दार उघडलं आणि सवयीनं म्हणाल्या, "बरं झालं तुम्हीही आलात. याच्यावर जरा लक्ष ठेवा."

"ते काम करणार आहेत," हेडसाहेब म्हणाले. "मी त्यांच्या हाताखाली आहे."

सलूनवाला स्टुलावर चढला, बोर्ड उघडला आणि मागं न बघता हात पुढं केला. हेडसाहेबांनी पेचकस दिला. मग टेस्टर दिला. आत अंधार होता म्हणून टॉर्च लावून तो वर धरला. दार उघडंच होतं. जिन्यानं जाणारे सेक्रेटरी नेमके तिथं थबकले. मान फिरवायला उशीर झाला होता, त्यामुळे काहीतरी विचारणं भाग होतं.

"काय... काय चाललंय?"

"टॉर्च धरलाय," हेडसाहेब म्हणाले.

"नीट धरा म्हणजे झालं," वरून सलूनवाला म्हणाला.